चंदाबाईचा ट्रक आणि निळी पन्नी

कुरखेड्याच्या बाजारात नवीन आलेल्या भाजीवाल्याला दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात कळतात. एक, पाण्याचा नळ कुठे आहे. दुसरी, चंदाबाईच्या तोंडाला लागायचं नाही.

चंदाबाई मासे विकते. रोहू, कतला, मरळ, आणि नशीब जोरावर असलं तर झिंगे. तलावात जाळं टाकायचं काम नवऱ्याचं, खुशालचं. पण जाळ्यात आलेल्या मासोळीचं पुढे काय व्हायचं हे खुशालला कुणी विचारत नाही, आणि शहाणा माणूस असल्यामुळे तोही कुणाला विचारत नाही. बाईचा आवाज असा, की बसमधून उतरणाऱ्याला आज रोहू आहे की मरळ, हे पिशवी खांद्याला लावायच्या आत समजतं.

तिला खोड म्हणाल तर एकच. नवीन वस्तूवरची प्लास्टिकची पन्नी काढायची नाही. घरातल्या कूलरने कितीतरी उन्हाळे खाल्ले, पण त्याच्या पोटावरचं चकचकीत स्टिकर अजून नव्या नवरीसारखं दिसतं. टीव्हीच्या काठाला पन्नी. रिमोट पन्नीत. खुशालच्या मोटारसायकलची सीट पन्नीत. उन्हाळ्यात खुशाल गाडीवरून उतरतो तेव्हा आधी पन्नी उठते, मग खुशाल. पोराच्या लग्नात आलेली गादीसुद्धा पन्नीसकट वापरात होती. त्या गादीवर कुणी कूस बदलली की चार घरं पलीकडे आवाज जायचा, आणि लोकांचं काय, लोकांना तेवढंच पाहिजे असतं.

"पन्नी काढली का वस्तूचं वय सुरू होते," असं चंदाबाईचं म्हणणं.

दुसरी गोष्ट तिला जिवापाड होती ती बाजारातली जागा. करंजाचं झाड, त्याची गर्द सावली, आणि बरोबर बुंध्याशी चंदाबाईची टोपली. ही जागा सासूकडून आलेली. मे महिन्यात कुरखेड्यात कावळासुद्धा चोच उघडून बसतो. तेव्हा मासेवालीची सावली म्हणजे मासोळीचं आयुष्य. समोर उघड्या उन्हात, विटक्या छत्रीखाली धुरपताबाई बसायची. तिची मासोळी दुपारी मान टाकायची आणि चंदाबाईची संध्याकाळपर्यंत डोळे वटारून बघायची. दोघींचं वैर इतकं जुनं होतं की ते नसतं तर दोघींना बाजारात करमलं नसतं.

बाजारातल्या जागेला कागद नसतो. बसतो त्याची जागा, आणि सोडली म्हणाला तर तोंडचा शब्दच कागद. शब्द फिरवला की बर्फवाला मुखरू त्याला बर्फ देत नाही. आणि बर्फ नाही तर कसले मासे नि कसला धंदा!

आता हे मासे, करंज आणि बर्फ यांच्यामध्ये कॉम्प्युटर कुठून आला? तो आला सुनेमुळे. चंदाबाईचा पोरगा अंकुश रायपूरच्या रस्त्यावर ट्रक चालवतो, महिन्यातून घरी येतो तो झोपायलाच. त्याची बायको डिंपल गडचिरोलीला कॉम्प्युटर जोडायचं शिकून आलेली. घराच्या पुढच्या खोलीत ती लोकांना मशिनी जोडून द्यायची. गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून तिने एक जंगी गेमिंग मशीन स्वतःसाठी जोडलं. आत लाल-निळे दिवे, पुढे तीन पंखे, बाजूला काच. ते चालू झालं तेव्हा खुशालने नकळत हात जोडले.

त्यात ट्रकचा एक खेळ होता. डिंपल एकदा तो लावून बघत होती. चंदाबाई मागून मासोळी साफ करता करता पाहत होती.

"हा अंकुशच्या ट्रकासारखाच हाय का वो?"

"हाव आत्याबाई. आतून असाच असते."

"त्याच्या मालकानं मले कधी आत बसू नाई देल्लं," चंदाबाई म्हणाली, आणि हात धुऊन आली. "सरक."

सरकली ती सरकलीच. ज्या बाईने जन्मात सायकल चालवली नाही ती आठ दिवसांत परदेशाच्या डांबरी रस्त्यावरून अठरा चाकी हाकायला लागली. डिंपलने स्टिअरिंगही आणून दिलं. बाई खुर्चीवर मांडी घालून बसायची, पायाखाली पेडल नको म्हणायची, ब्रेक हातानेच. समोरून गोऱ्याची मोटार आली की ओरडायची, "बाजूले हो नं बे, मासोळी सडून राह्यली!" गाडीत माल कोणताही असो, लोखंड असो की खुर्च्या, चंदाबाईच्या हिशेबाने त्यात मासोळीच असायची. अंकुशचा फोन आला की ती त्याला घाटात गिअर कसा टाकायचा ते सांगायची. तो बिचारा खऱ्या घाटात असायचा.

ही गोष्ट बाजारात लपणार थोडीच! आणि लपली असती तर चंदाबाईनेच ती ओरडून सांगितली असती. पण झालं काय, की धुरपताबाईचा भाचा मिथुन बाजाराच्या तोंडाशी मोबाइलचं दुकान चालवतो, आणि त्याच्याकडेही तसलंच मशीन. धुरपताबाईने त्याच्याकडून गुपचूप तोच खेळ शिकून घेतला. एका बाजारी तिने सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची चिमूट गालात सरकवली आणि छत्रीखालूनच बाण सोडला.

"सावलीत बसून मासे इकनं आन सावलीत बसून ट्रक हाकनं, दोन्ही सोपंच हाय."

"तुले हाकता येते का?"

"तुह्यापेक्षा बरा हाकतो मी."

"मंग लाव शर्यत!"

"लावतो! मी जितली तर करंज माहा."

मिरच्या तोलणारा थांबला. चंदाबाईने एकदा वर झाडाकडे पाहिलं, एकदा धुरपताकडे. शहाणपणाने गप्प बसणं तिच्या कुळात नव्हतं.

"आन मी जितली तर?"

"तर मी जन्मभर करंजाचं नाव नाई काढनार."

मुखरूने बर्फ फोडायचा हातोडा खाली ठेवला आणि म्हणाला, "आयकलं मी. पुढच्या बाजाराले, मिथुनच्या दुकानात, जेवनं झाल्यावर." झालं. शब्द पडला.

घरी येताच चंदाबाईने टोपली टाकली आणि मशीनची काच ठोकून पाहिली. कारण एक गोष्ट बाजाराच्या नुसती कानावर होती, तिला पक्की ठाऊक होती. तिचा ट्रक अडकायचा. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्यासारखा जायचा, पण मोठं शहर आलं की पडदा थिजायचा. घरं अर्धवट उगवायची, झाडं हवेत लटकायची, आणि ट्रक चिखलात रुतलेल्या म्हशीसारखा उभा. पंखे तेवढे धानाच्या गिरणीसारखे गरजायचे. मग पुन्हा सगळं सुरळीत, पुढचं शहर येईपर्यंत.

"हे काऊन होते वो?" तिने डिंपलला विचारलं.

"आतमंदी एक पट्टी हाय आत्याबाई, च्युइंगमच्या पट्टीएवढी. एसएसडी म्हनते तिले. खेळातले सारे रस्ते, सारी गावं तिच्यात भरून हाय. शहर आलं का तिच्यातून लय माल काढा लागते, मंग ती तापते. लय तापली का जळू नये म्हनून स्वतःच हळू काम करते."

"म्हंजे दुपारच्या खुशालसारखी."

"हाव," डिंपल हसली. "आन तिच्या डोक्यावरच ग्राफिक्स कार्ड हाय. ते म्हंजे चूल. खालून पट्टी तापते, वरून चूल. पंखे किती फिरवले तरी त्याईले पुरत नाई."

खुशाल कोपऱ्यातून म्हणाला, "दुपारी मी झोपतो म्हनून संध्याकाळी जाळं टाकतो." कुणी लक्ष दिलं नाही.

मग इलाज सुरू झाले. पहिला संशय गेला झाकणावर. चंदाबाईने मशीनसाठी पोपट भरलेलं जाड कापडी झाकण शिवलं होतं आणि मशीन चालू असतानाही ते घालायची, धूळ नको म्हणून. डिंपलने ते काढलं. ट्रक थोडा पुढे जाऊन अडकला. दुसरा संशय गेला दृष्टीवर. चंदाबाईने मशीनवरून मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका तिला स्वतःलाच लागला, धुरपताला नाही. मग डिंपलने मागे एक पंखा वाढवला. गिरणीचा आवाज वाढला, बस्स.

तिसऱ्या दिवशी डिंपल बँकेत गेली होती. चंदाबाई घरी एकटी. आता विचार करा, आयुष्यभर जिने गरम होणारी वस्तू एकाच रीतीने वाचवली, ती दुसरं काय करणार? तिने थर्माकोलचा मोठा डबा घेतला, त्यात मुखरूकडचा बर्फ फोडून भरला, वर मीठ मारलं, डब्याचं झाकण उघडंच ठेवलं, आणि डबा पंख्यांच्या तोंडाशी असा चिकटवून ठेवला की मशीनने श्वास घेतला तर बर्फाचाच घ्यावा. मशीन चालू केलं. गार वारा आत जाऊ लागला. बाईने पदराने घाम पुसला आणि समाधानाने पाय पसरले.

डिंपल आली तेव्हा दारातच तिला रोहूचा वास आला. डबा कालच्याच मासोळीचा. मशीनच्या डोक्यावर शेजारच्या घरातली मांजर बसलेली, आत नाक खुपसून, आणि काचेवर दव असं जमलेलं की दिवे धुक्यातल्या जत्रेसारखे दिसत होते.

"आत्याबाईऽऽ!"

डिंपलने आधी बटण बंद केलं, मग मांजर उचलली, मग डबा, आणि मग कपाळावर हात मारला. "पानी! आतमंदी पानी सुटून राह्यलं! हे मासोळी नाई आत्याबाई, हे ओलं झालं का मरते!"

"मंग आतापर्यंत सांगाचं नाई का?" चंदाबाई म्हणाली, आणि चुकलं हे कळल्यावर माणसं जशी जास्त आवाजात बोलतात तशी बोलली. "आमच्याकडं तं जे ओलं नाई होत ते मरते!"

मशीन उघडून दिवसभर वाळत ठेवलं. खुशालने त्याच्या शेजारी जाळंही वाळत टाकलं. त्यावरून दोघींनी मिळून त्याला झापलं, तेवढीच त्यांच्यात पुन्हा गोडी झाली.

बाजार दोन दिवसांवर आला. डिंपल सकाळी उन्हं यायच्या आत उठली, मशीन लावलं आणि पट्टी किती तापते ते पडद्यावर आकड्यात बघत बसली. बाहेर हवा गार. कूलर चालू, पण मशीनपासून लांब. आणि तरी शहरात शिरताच आकडा दुपारी चढायचा तसाच चढला. डिंपलने मान डोलावली.

"आत्याबाई, उन्हाचा दोष नाई. सकाळी बी तितकंच तापते. आतच काही तरी लागून नाई राह्यलं."

तिने काच काढली, ग्राफिक्स कार्ड उचकटलं आणि पट्टीवर बसवलेला पितळी रंगाचा जाड पत्रा सोडवला. हा पत्रा पट्टीची उष्णता ओढून घेतो. दोघांच्या मध्ये एक मऊ चिकट गादी असते. ती दोघांना घट्ट चिकटली तरच उष्णता वर जाते. डिंपलने पत्रा उलटा केला आणि बघतच राहिली. चिकट गादीवर निळी पन्नी. कडा नखाने दाबून, सुरकुती न पडू देता बसवलेली. एवढी नीट पन्नी कारखान्यातसुद्धा बसत नाही.

"ही तं मी मशीन जोडतानाच काढली होती," डिंपल हळूच म्हणाली. "काढून बाजूले ठेवली होती. मंग दूध उतू गेलं म्हनून मी चुलीपाशी गेली, आन आल्यावर इस्क्रू बसवले…"

चंदाबाई दारात मासोळीचे खवले काढत होती. तिचा हात थांबला.

"हे कोनं लावलं आत्याबाई?"

"मी."

"काऊन?"

"उघडी पडली होती! चिकट वस्तू, धूळ बसली असती. तूच म्हनते मशिनीले धूळ चालत नाई."

डिंपलने पन्नीचं टोक धरून ओढलं. पन्नी उठली आणि तिच्याखाली, गादीच्या बरोबर मध्यभागी, काहीतरी चमकलं. गोल, पारदर्शक, करंगळीच्या नखाएवढं.

"आन हा खवला?"

चंदाबाई उठून आली. चष्मा लावला. खवला उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला. गुन्हा कबूल करायचा की नाही हा प्रश्न तिला पडलाच नाही. तिला पडला तो दुसराच.

"रोहूचा हाय," ती म्हणाली. "मरळीचा एवढा मोठा नसते."

डिंपल आधी रागावणार होती, तसं तिच्या भुवयांवरून दिसत होतं. पण तिला हसू फुटलं, आणि फुटलं ते थांबेना. ती जमिनीवर बसून हसली, पत्रा मांडीवर घेऊन हसली. खुशाल काय झालं विचारायला आला, त्याला खवला दाखवला, तर तोही खवला हातात घेऊन म्हणाला, "रोहूच हाय," आणि त्यावर डिंपलच्या डोळ्यांतून पाणी आलं.

गादी खराब झाली होती. डिंपलने नवीन लावली, यावेळी सासूला बाहेर ओट्यावर बसवून. पत्रा बसला. कार्ड बसलं. ट्रक शहरात शिरला आणि थेट निघून गेला, सिग्नल, पूल, चर्च, सगळं जागच्या जागी उगवत. पंख्यांची गिरणी बंद पडली. नुसती झुळूक यावी तेवढा आवाज उरला. चंदाबाईने जोरात हॉर्न मारला.

"हे मात्र बाहेर नाई सांगाचं हं," ती म्हणाली. "का अडकत होता ते."

"खवल्याचं?"

"काहीच नाई सांगाचं. अडकते असंच समजू दे त्या खर्रेवालीले."

बाजाराच्या दिवशी मशीन रजईत गुंडाळून रिक्षातून मिथुनच्या दुकानात गेलं. वर टिनाचं छप्पर, आत माणसं अशी खचाखच की मिथुनचा कूलर नुसता शोभेला. मिरच्यावाला आपलं दुकान उघडं टाकून आला होता. मुखरू मध्ये स्टुलावर. दोन पडदे शेजारी शेजारी, दोन बाया शेजारी शेजारी, आणि मालाची गाडी समुद्रकाठच्या गावातून डोंगरापलीकडच्या शहरात न्यायची. पहिली पोचेल ती जिंकली.

धुरपताबाई बरी हाकत होती. नुसती बरी नाही, चांगली. घाटात तिने चंदाबाईला मागे टाकलं आणि शेजारी मान वळवून म्हणाली, "बर्फ वितळून राह्यला का वो?" लोक खदखदले. चंदाबाईने नुसता गिअर टाकला. तिने तोंड बंद ठेवलंय हे पाहून डिंपलला काळजी वाटली. असं आधी कधी घडलं नव्हतं.

दूरवर शहर दिसू लागलं. धुरपताबाईला ठाऊक होतं, साऱ्या बाजाराला ठाऊक होतं, की शहराच्या तोंडाशी चंदाबाईचा ट्रक रुतणार. मग घाई कशाची? धुरपताबाईने ऐटीत एक हात सोडला, कमरेची खर्र्याची पुडी काढली, दोन बोटांनी चिमूट घेतली आणि रुतलेला ट्रक बघण्याच्या खुशीत मान चंदाबाईच्या पडद्याकडे वळवली.

तिथे ट्रक रुतला नव्हता. तिथे ट्रक शहरात शिरत होता, घरं भराभर उगवत होती, आणि चंदाबाई दात ओठ खाऊन पुढे वाकली होती.

"अवो, हे तं…" धुरपताबाई म्हणाली. तेवढ्यात तिचा स्वतःचा ट्रक टोलनाक्याच्या खांबावर असा आदळला की मिथुनने डोळे मिटले. खर्रा सगळा स्टिअरिंगवर. ती मागे घेते, वळवते, तोवर चंदाबाईने तिच्या शेजारून ट्रक काढत हॉर्न दाबून धरला आणि तो शहरभर दाबूनच ठेवला. गोदामाच्या दारात ट्रक उभा राहिला तेव्हाही बोट हॉर्नवरच.

मुखरूने हात वर केला. "चंदाबाई!"

टिनाचं छप्पर उडायचं राहिलं. चंदाबाई खुर्चीवरून उतरायला विसरली. खुशालला कुणीतरी खांद्यावर घेतलं, तो "मले काऊन, मले काऊन" म्हणत होता. डिंपलने सासूला मागून मिठी मारली. आणि संध्याकाळी चंदाबाई करंजाच्या बुंध्याला पाठ टेकून बसली, पाठ अशी घट्ट टेकून, की जणू झाडच उभं राहायला तिची मदत घेतंय.

पण गंमत पुढच्या बाजारी झाली. शर्यत पाहिलेले करंजाखाली आलेच, न पाहिलेले त्याहून जास्त आले. ट्रकवाली बाई कुठे बसते, विचारत आले. करंजाची सावली मोठी. लोक बसले ते उठेनात. मिरच्यावाला प्रत्येक नव्या माणसाला शर्यत पहिल्यापासून सांगायचा. कॉलेजच्या दोन पोरींनी डिंपलला गाठून मशीनची किंमत विचारली, आणि ती समजावत टोपलीच्याच पुढे बसली. गर्दीच्या पल्याडून ज्याला खरंच मासोळी पाहिजे तो टोपलीपर्यंत पोचूच शकेना. तो वळायचा आणि समोर उन्हात जायचा. धुरपताबाईची टोपली दुपारच्या आत रिकामी झाली. ती छत्री मिटून, रिकामी टोपली पालथी घालून त्यावर बसली आणि गोड हसली.

चंदाबाईची मासोळी सावलीत डोळे वटारून बसली होती, चंदाबाईसारखीच.

"हटा रे!" ती ओरडली. "इथी मासे इकतो मी, पोथी लावली नाई!" कुणी हटलं नाही, उलट, हाच तो आवाज, म्हणून एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग गर्दीवरून मान उंच करून समोर हाक मारली.

"धुरपते!"

"काय वो?"

"इकडं ये."

"काऊन? करंजाचं नाव नाई काढनार म्हनलं मी."

"नाव कोन काढून राह्यलं, बस म्हनतो मी. या अर्ध्या लोकाईले तुह्याकडं घे. खांबावर कशी ठोकली ते सांग त्याईले. माह्यापेक्षा तुले बरं सांगता येईन."

मुखरूने हातोडा थांबवून दोघींकडे पाहिलं. शब्द धुरपताचा होता, आणि जागा तिने मागितली नव्हती; तेव्हा बर्फ दोघींचाही चालू राहायला हरकत नव्हती. धुरपताबाई उठली. रिकामी टोपली उचलली, घाई नाही दाखवली, आणि करंजाच्या दुसऱ्या अंगाला, बुंध्यापासून हातभर लांब, ऐसपैस बसली. सावली दोघींना पुरून वर मिरच्यावाल्यालाही पुरली.

"खांबावर ठोकली म्हंजे कसं झालं," तिने लोकांना सुरुवात केली, "का या बाईनं आधी माह्या अंगावर गाडी घातली…"

"खोटी!" चंदाबाई बुंध्याच्या पल्याडून कडाडली. "आधी हॉर्न मारला मी!"

"हॉर्न मंग मारला!"

"आधी!"

कॉलेजच्या पोरींनी मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली. डिंपलने सासूच्या टोपलीतली रोहू तोलून एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकली, कारण आता दुसरं कुणी ते करेल असं दिसत नव्हतं.